इरिना स्लुत्स्काया : सात विजेतेपदे आणि एक बरोबरी

म्हैसूरच्या दसरा महोत्सवात कुस्तीच्या फडाला मोठा मान आहे. आखाड्यातील निकाल समजून घेण्यासाठी प्रेक्षकाला नियमांचे पुस्तक उघडावे लागत नाही. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, एवढे ज्ञान पुरेसे असते. काही खेळांचे मात्र तसे नाही. तेथे खेळाडू आपले कौशल्य पणाला लावून मैदानाबाहेर येतो आणि मग परीक्षकांच्या गुणांकडे डोळे लावून बसतो. बर्फावरील फिगर स्केटिंग हा अशा खेळांपैकी एक होय. ऐन हिवाळ्यातही जेथे पाणी गोठत नाही, त्या म्हैसूरमधील मुलांना स्केटिंग परिचित आहे ते चाकांचे. परंतु बर्फावरच्या या खेळात रशियाच्या इरिना स्लुत्स्काया हिने जी कारकीर्द घडविली, ती समजण्यासाठी बर्फाचा शेजार असण्याची आवश्यकता नाही.

इरिनाचा जन्म 9 फेब्रुवारी 1979 रोजी मॉस्को येथे झाला. चार वर्षांची असताना आईने तिला स्केटिंगच्या रिंगणात नेले. सहाव्या वर्षापासून तिला झान्ना ग्रोमोवा यांचे मार्गदर्शन लाभले आणि पुढे संपूर्ण कारकीर्दभर गुरू-शिष्येची ही जोडी अभंग राहिली. स्केटच्या पोलादी पात्याला दोन कडा असतात. कोणत्या कडेवरून उडी घेतली, हवेत किती गिरक्या पूर्ण केल्या आणि एका पायावर, मागच्या दिशेने सरकत किती सफाईने उतरले, यावर उडीचे मोल ठरते. ‘ट्रिपल’ उडी म्हणजे हवेत तीन गिरक्या. आणि त्या पूर्ण करण्यास एक सेकंदही मिळत नाही. एक ट्रिपल उडी संपताच त्याच पायावरून दुसरी ट्रिपल उडी घेणे हे इरिनाचे बलस्थान होते. पाय डोक्यामागे उचलून दोन्ही हातांनी धरावयाची बीलमान गिरकी ती पाय बदलून, दोन्ही पायांवर करीत असे.

पहिला मान

1995 मध्ये ती कनिष्ठ गटाची विश्वविजेती झाली. पुढील वर्षी बल्गेरियातील सोफिया येथे तिने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. तेव्हा तिला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. जोडीच्या स्केटिंगमध्ये सोव्हिएत खेळाडूंनी दीर्घकाळ अधिराज्य गाजविले होते. परंतु महिलांच्या एकेरीत युरोपीय विजेतेपद मिळविणारी ती पहिलीच सोव्हिएत वा रशियन खेळाडू ठरली. 1997 मध्ये तिने हे पद राखले. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली आणि त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले.

त्यानंतर उतार आला. 1999 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ती चौथ्या क्रमांकावर घसरली आणि युरोपीय तसेच जागतिक या दोन्ही स्पर्धांसाठीच्या रशियन संघातून वगळली गेली. विसाव्या वर्षी अनेक स्केटिंगपटूंची कारकीर्द संपुष्टात येते. इरिना मात्र पुढच्याच मोसमात राष्ट्रीय विजेती म्हणून परतली. 2000 आणि 2001 मध्ये युरोपीय विजेतेपद तिने पुन्हा आपल्याकडे आणले. या दोन्ही वर्षी जागतिक रौप्यपदकही तिच्याच वाट्याला आले. सुवर्ण दोन्ही वेळा अमेरिकेच्या मिशेल क्वानने पटकाविले.

बेरीज सारखी, पदके निराळी

2002 च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटी येथे ऑलिंपिक स्पर्धा झाली. त्या वेळच्या पद्धतीत खेळाडूंचे अंतिम स्थान गुणांच्या बेरजेवर नव्हे, तर क्रमांकांच्या बेरजेवर ठरत असे. शॉर्ट प्रोग्राममधील क्रमांकाची निम्मी संख्या आणि दीर्घ कार्यक्रमातील, म्हणजेच फ्री स्केटिंगमधील, पूर्ण क्रमांक यांची बेरीज करावयाची. ज्याची बेरीज कमी तो श्रेष्ठ.

शॉर्ट प्रोग्राममध्ये क्वान पहिली, इरिना दुसरी, तर सोळा वर्षांची अमेरिकन सेरा ह्यूज चौथी होती. फ्री स्केटिंगमध्ये ह्यूज पहिली आली, इरिना दुसरी आणि क्वान तिसरी. आता हिशेब असा : ह्यूजचे दोन अधिक एक, म्हणजे तीन, इरिनाचे एक अधिक दोन, म्हणजेही तीन, क्वानचे साडेतीन. बरोबरी झाल्यास फ्री स्केटिंगमधील विजेती श्रेष्ठ, असा नियम होता. तेथे नऊ परीक्षकांपैकी पाच जणांनी ह्यूजला आणि चौघांनी इरिनाला पहिले स्थान दिले होते. एका परीक्षकाचा कौल बदलता, तर सुवर्णपदकाचा धनी बदलला असता. रशियाने निकालाविरुद्ध दाद मागितली. ती फेटाळण्यात आली.

अवघ्या महिनाभरानंतर जागतिक स्पर्धा नागानो येथे झाली. चार वर्षांपूर्वी ज्या शहरात ती ऑलिंपिकमध्ये पाचवी आली होती, त्याच शहरात क्वानला मागे टाकून ती प्रथमच विश्वविजेती झाली.

परीक्षकांच्या पलीकडचा प्रतिस्पर्धी

2003 मध्ये तिने पाचवे युरोपीय विजेतेपद मिळविले. परंतु तिच्या आईला मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने गाठले होते. आईच्या आजारपणामुळे त्या वर्षीच्या वॉशिंग्टन येथील जागतिक स्पर्धेतून इरिनाने माघार घेतली. पाठोपाठ तिच्या स्वतःच्या शरीरानेही असहकार पुकारला. तिला रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, झाल्याचे निदान झाले. ज्या पायांवर सारा खेळ उभा, त्या पायांनाच सूज येऊ लागली. 2003-04 चा जवळजवळ संपूर्ण मोसम वाया गेला. तरीही 2004 च्या मार्चमध्ये ती डॉर्टमुंड येथील जागतिक स्पर्धेत उतरली आणि नववी आली. विश्वविजेतेपद मिळविलेल्या खेळाडूने नवव्या क्रमांकासाठी बर्फावर उतरावे, यासाठी लागणारे धैर्य कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदविले जात नाही.

दरम्यान खेळाचा हिशेबही बदलला होता. सॉल्ट लेक सिटीत जोडीच्या स्पर्धेतील परीक्षणावरून उठलेल्या वादळानंतर 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी गुणपद्धती स्वीकारली. प्रत्येक उडीला व प्रत्येक गिरकीला ठरावीक मूळ गुण आणि सफाईनुसार त्यांत वाढ वा घट, असे तिचे स्वरूप होते. औषधोपचार सुरू असतानाच इरिनाने ही नवी पद्धती आत्मसात केली. 2005 च्या जानेवारीत तिने सहावे युरोपीय विजेतेपद मिळविले आणि मार्चमध्ये आपल्या जन्मगावी, मॉस्कोतील प्रेक्षकांसमोर, ती दुसऱ्यांदा विश्वविजेती झाली.

2006 मध्ये लिओं येथील सातव्या विजेतेपदाने तिने इतिहास घडविला. नॉर्वेची सोन्या हेनी आणि पूर्व जर्मनीची काटारिना विट यांची प्रत्येकी सहा विजेतेपदे होती. महिला एकेरीतील सात युरोपीय विजेतेपदांचा इरिनाचा विक्रम आजही अबाधित आहे.

त्याच वर्षी तुरिन येथे तिचे तिसरे व अखेरचे ऑलिंपिक झाले. शॉर्ट प्रोग्रामनंतर अमेरिकेची साशा कोहेन 66.73 गुणांवर आणि इरिना 66.70 गुणांवर होती. अंतर अवघे तीन शतांश गुणांचे. परंतु फ्री स्केटिंगमध्ये ट्रिपल लूप उडीवर इरिनाचा तोल गेला. जपानच्या शिझुका अराकावाने सुवर्ण, कोहेनने रौप्य आणि इरिनाने कांस्यपदक मिळविले. या वेळी तक्रारीला जागा नव्हती. सॉल्ट लेक सिटीत परीक्षकांचा कौल आड आला होता. तुरिनमध्ये तिची स्वतःचीच एक उडी. रशियाला महिला एकेरीचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतर आठ वर्षांनी, 2014 मध्ये, सोची येथे आदेलिना सोत्निकोवाने मिळवून दिले.

खातेपुस्तकातील एखाद्या नोंदीवरून खातेदाराची पत ठरविली जात नाही; वर्षानुवर्षांचा व्यवहार पाहावा लागतो. इरिनाच्या कारकीर्दीत ऑलिंपिक सुवर्णाचा रकाना रिकामा आहे. त्याच कारकीर्दीत 1996 ते 2006 या अकरा वर्षांतील सात युरोपीय विजेतेपदे, दोन विश्वविजेतेपदे, संघातून वगळले गेल्यानंतरचे एक पुनरागमन आणि आजारपणानंतरचे दुसरे पुनरागमन यांच्या नोंदी आहेत. पदकाचा निर्णय नऊ परीक्षकांच्या हाती होता. डॉर्टमुंडच्या नवव्या क्रमांकानंतर पुन्हा स्केट्सची नाडी बांधावयाची की नाही, हा निर्णय मात्र सर्वस्वी तिचा होता.