अवधान

परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील यात्रांत कुस्त्यांचा फड रंगला की, प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरते ते मल्लाचे बळ. परंतु त्या बळाला योग्य क्षणी योग्य वाट दाखविणारी शक्ती सहसा कोणाला दिसत नाही. तिचे नाव अवधान.

अवधान म्हणजे सावधपण. एकाग्रता आणि अवधान यांत थोडा भेद आहे. सुईत दोरा ओवणाऱ्यास भोवतालचा विसर पडला तरी चालते. लाठी फिरविणाऱ्यास तसे करून भागत नाही. समोरच्या लाठीबरोबरच पाठीमागची चाहूल, पायांखालची जमीन आणि स्वतःचा श्वास यांचेही भान त्याला ठेवावे लागते.

तालमीत या भानाचे शिक्षण पहिल्या दिवसापासून सुरू होते. मुलगा लाल मातीला वंदन करून हौद्यात उतरतो. बाहेरच्या गप्पा आणि भांडणे बाहेरच ठेवावयाची, हा त्या वंदनाचा अर्थ. जोर काढताना श्वासाची लय सुटू द्यावयाची नाही, हा दुसरा धडा. पुढे वस्ताद एकच डाव सावकाश, पुनःपुन्हा करावयास लावतात. कोणता पाय केव्हा उचलला गेला, हे ज्याचे त्यालाच कळावे, हा त्यामागील हेतू.

याला शास्त्राचाही आधार आहे. प्रतिस्पर्ध्याने आपला भार एका पायावर टाकला, की क्षणभर त्याचा तोल कच्चा होतो. डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो; स्पर्श ओळखून हालचाल करण्यास त्याहूनही कमी. म्हणून कसलेला मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरील आपल्या हातांनीच तो क्षण ओळखतो.

मल्लखांबावरही हीच कसोटी लागते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात या व्यायामाचा उल्लेख आढळतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे जीवन दिले. गुळगुळीत खांबावर उलटे असताना मन क्षणभर भरकटले, तरी पकड सुटते.

अवधानाची सर्वांत कठीण परीक्षा दांडपट्ट्याच्या खेळात होते. सोबती उघड्या तळहातावर लिंबू ठेवून उभा राहतो आणि पटाईत खेळाडू पट्ट्याच्या वाराने ते दुभंगतो. तळहाताला ओरखडाही उठत नाही. जाणत्या वस्तादाच्या देखरेखीवाचून हा प्रयोग कोणीही करू नये. हात पुढे करणारा सोबती आपला विश्वासच खेळाडूच्या स्वाधीन करीत असतो. तेथे क्षणाची बेसावधी म्हणजे मित्राला जन्माची इजा.

म्हणूनच खरा वस्ताद शिष्याचा वार पाहण्याआधी त्याचा राग पाहतो. ज्याला आपल्या मनात उसळणारा संताप वेळीच ओळखता येतो, त्याचा हात अकारण उगारला जात नाही. अशाच हाती शस्त्र शोभते.