टाकाऊ साहित्यातून घरगुती रोपवाटिका : सांगाडा जुना चालेल, आवरण नवेच हवे

टोमॅटो, मिरचीची रोपे घरी तयार करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांना पॉलिहाउसचा खर्च परवडत नाही. शेतात पडून असलेल्या साहित्यातून लहान हरितगृह उभारता येते. मात्र कोणती वस्तू जुनी वापरावी आणि कोणती नवी घ्यावी, हे आधी ठरवावे.

नाशिक जिल्ह्यातील आमच्या घरच्या शेतात मी पहिली रोपवाटिका पूर्ण जुन्या साहित्यातून केली होती. कीडरोधक जाळीही जुनीच. दाराजवळ ती वीतभर फाटली होती, तिथे सुतळीने टाका घातला. रोपे हिरवीगार दिसत होती, पण लागवडीनंतर तीन आठवड्यांत शेंडे बोकडले. पांढरी माशी पर्णगुच्छ (लीफ कर्ल) विषाणू पसरवते. रोपावस्थेतच लागण झाली, तरी लक्षणे बऱ्याचदा शेतात गेल्यावर दिसतात. जाळीत वाचवलेले पैसे प्लॉटमध्ये गेले.

आकार किती असावा?

१० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा पुरते. मध्ये दोन फुटांची वाट सोडली, तर दोन्ही बाजूंना मिळून ९८ कप्प्यांचे सुमारे ७० ट्रे बसतात, म्हणजे जवळपास ६,८०० रोपे. टोमॅटोची लागवड ५ बाय १.५ फुटांवर केल्यास एकरी सुमारे ५,८०० रोपे लागतात. नांग्या भरण्यासाठीही रोपे उरतात.

जुने काय वापरावे?

- कमानी : एक इंची जुना एचडीपीई पाइप. मध्यभागी सात फूट उंचीसाठी प्रत्येक कमानीला साधारण १९ फूट पाइप लागतो. दर चार फुटांवर एक, अशा सहा कमानी कराव्यात. लोखंडी गजाचे तीन फुटांचे तुकडे दोन फूट जमिनीत ठोकून त्यावर पाइपची टोके बसवावीत. कमानींना वरून आडवा बांबू बांधावा.
- ठिबकच्या जुन्या लॅटरल : उभ्या चिरून तारेच्या टोकांवर व बांबूच्या गाठींवर चढवाव्यात. त्यामुळे कागद फाटत नाही.
- सायकलच्या जुन्या ट्यूब : पट्ट्या कापून बांधणीसाठी वापराव्यात.
- खताच्या रिकाम्या गोण्या : धुऊन, उसवून जमिनीवर अंथराव्यात. तण येत नाही, ट्रेचा मातीशी संबंध राहत नाही.
- जुने ट्रे : घासून धुवावेत. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात १५ मिनिटे बुडवून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावेत.

कीटकनाशकांचे डबे रोपवाटिकेत कशासाठीही वापरू नयेत.

नवे काय घ्यावे?

- कीडरोधक जाळी : ४० मेशची, चारही बाजूंना. खालची कड फूटभर चरात पुरावी. दाराला दोन पडदे ठेवावेत. एक बंद केल्यावरच दुसरा उघडावा.
- छतासाठी कागद : २०० मायक्रॉनचा, अतिनील किरणांना टिकणारा. साधे प्लॅस्टिक उन्हाने लवकर तडकते. जुना मळका कागद प्रकाश अडवतो आणि रोपे उंच, लेची होतात.

उष्णता बाहेर जाऊ द्या

थंड प्रदेशातील हरितगृह ऊब साठवण्यासाठी असते. आपल्याकडे बहुतेक महिने अडचण उलटी असते. म्हणून कागद फक्त छतावर ठेवावा, बाजू जाळीच्याच असाव्यात. जोराच्या पावसात आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री सोडण्यासाठी बाजूला जुन्या ताडपत्रीचे गुंडाळते पडदे लावावेत. सकाळी ते न विसरता उचलावेत. उन्हाळ्यात छतावर ५० टक्के सावलीची शेडनेट टाकावी.

वळवाच्या वाऱ्यात छत उचलले जाते. दोन कमानींच्या मधून कागदावर नायलॉनची दोरी ओढून दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना ताणून बांधावी.

रोजची काळजी

- पाणी सकाळी द्यावे. रात्रभर ट्रे ओले राहिल्यास रोपे कोलमडण्याचा धोका वाढतो.
- जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून, त्यावर ग्रीस लावून पांढऱ्या माशीसाठी सापळा करावा. फुलकिडे ४० मेशमधूनही शिरू शकतात. त्यांच्यासाठी निळा सापळा लावावा.
- टोमॅटोची रोपे २५ ते ३० दिवसांत, मिरचीची ३५ ते ४० दिवसांत तयार होतात. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करून रोपे कणखर करावीत. शेडनेट काढली तरी चालेल, जाळी मात्र उघडू नये.
- आठवड्यातून एकदा आत उभे राहून जाळी उजेडाकडे पाहत तपासावी. छिद्र दिसले की त्याच दिवशी नव्या जाळीचा तुकडा शिवावा. सुतळीच्या टाक्यावर विसंबू नये.