रात्री साडेअकराला उजाडतं

रात्री साडेअकरा. फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या उत्तरेला, आल्प्सच्या डोंगरांत ग्राँद शार्त्रूझ हा कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी-पंथाचा मठ आहे. तिथल्या संन्याशांचा दिवस आत्ता सुरू होतो, जेमतेम साडेतीन तासांच्या झोपेवर. आधी आपापल्या खोलीत प्रार्थना, मग सव्वाबाराला सगळे चर्चमध्ये. पुढचे दोन-तीन तास स्तोत्रगायन चालतं, बराच वेळ अंधारातच. साथीला एकही वाद्य नाही. रीम्सच्या कॅथेड्रल-शाळेतलं मानाचं स्थान सोडून या पंथाचा संस्थापक संत ब्रूनो सहा सोबत्यांसह या डोंगरांत आला, ते साल 1084.

तीनच्या सुमारास पुन्हा अंथरूण. साडेसहाला पुन्हा उठायचं.

सकाळी आठ. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना. त्यानंतर जो तो आपल्या खोलीत. खोली म्हणजे छोटं घरच: खाली सुतारकामाची जागा आणि जळाऊ लाकडं, वर झोपण्या-वाचण्याची जागा, शेजारी उंच भिंतीआड बाग.

दहा ते बारा. अभ्यास, लाकूड फोडणं, बागकाम. मधेच घंटा होते, की कुऱ्हाड जिथल्या तिथे ठेवून प्रार्थनेला उभं राहायचं. सर्वसंगपरित्याग म्हटलं, की आपल्याला एका रात्रीत घर सोडून निघालेला माणूस दिसतो. मला तो भाग सोपा वाटतो. आवडीचं काम रंगात आलेलं असताना, तेही चांगलं काम, दिवसातून अनेकदा हातातलं खाली ठेवणं अवघड. घर सुटतं; ‘एवढं संपवूनच उठतो’ हे सुटत नाही.

बारा. भिंतीतल्या झरोक्यातून जेवण येतं. मांस कधीच नाही. 14 सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत बहुतेक दिवस हे एकच जेवण. संध्याकाळी थोडा पाव. रविवारी मात्र सगळे एकत्र जेवतात, तेही न बोलता. गप्पा आठवड्याच्या लांब फेरफटक्यात, आणि त्या म्हणे भरपूर होतात.

दुपारी दोन. पुन्हा काम. शार्त्रूझ हे प्रसिद्ध हिरवं मद्य याच संन्याशांचं. त्यात 130 वनस्पती पडतात आणि संपूर्ण कृती एका वेळी दोघा-तिघांनाच ठाऊक असते. मठाचं पोट त्यावर चालतं. मागणी वाढत असताना 2019 मध्ये त्यांनी ठरवलं, उत्पादन वाढवायचं नाही. धंद्यातल्या माणसाला हे वेड वाटेल. पण ज्यांना घंटा होताच कुऱ्हाड खाली ठेवता येते, त्यांना बाजारही तितक्याच सहज नाकारता आला असावा.

चार. चर्चमध्ये संध्याप्रार्थना. नंतर खोलीत वाचन, मनन.

आठच्या आत दिवा बंद. कुणाला वाटलं, की आज अंगात उत्साह आहे, नियमापेक्षा कडक उपवास करू, जास्तीची तपश्चर्या करू, तर तशी मोकळीक नाही. आधी मठप्रमुखाची संमती घ्यावी लागते.