असेल तेथे आणखी?

रस्ते, वीज, पाणी आधीच आहे तेथेच कारखाने काढले तर खर्च वाचतो, हा युक्तिवाद मला प्रथम पटला होता. मुंबई-ठाणे-पुणे पट्टा असाच वाढला. परंतु कारखाना आला की रस्ता रुंदावतो आणि रुंद रस्त्यापाशी पुढचा कारखाना येतो. मागास भाग मागेच राहतो. म्हणून राज्य शासनाने १९६४ पासून या पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती दिल्या. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन इत्यादींचा जिल्हावार अनुशेष मोजला. सवलतीने कारखाना येईलही. पण पाण्यावाचून टिकेल कसा? आम्हा मराठवाड्यातील कित्येकांना पदवीनंतर पुण्याची गाडी धरावी लागते. माझ्या मते आधी अनुशेष भरावा. मगच 'सोयी तेथे उद्योग' हे सूत्र न्याय्य ठरेल.