खाऱ्या वाऱ्यातील पद्मिनी

30 ऑक्टोबर 2023 पासून प्रीमिअर पद्मिनी ही मोटार मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून हद्दपार झाली. परंतु ज्यांनी ती घरची गाडी म्हणून जिवापाड जपली, त्यांच्याकडे वसईच्या हवेत तिची काय दशा होते ते पाहून यावे, असा संपादकांचा तगादा लागला, तेव्हा श्रावण सरत आला होता. पद्मिनी घडविणाऱ्या, वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्याची कुळकथा सर्वश्रुत आहे. मी गुंतून पडलो तो वसई पूर्वेच्या एका गॅरेजात, एका वृद्ध डेंटर मिस्त्रींच्या स्क्रूड्रायव्हरपाशी.

समोरची पद्मिनी पन्नाशीच्या उंबरठ्यावरची, रंगाने तुकतुकीत. मिस्त्री दाराखालच्या पट्टीवर मुठीने ठोकत उकिडवे सरकत गेले. टणटण वाजणारा पत्रा मध्येच बद्द बोलला, आणि तेथे टोक टेकवताच ते पापडात शिरावे तसे आत गेले. "साहेब, गाडीला पाऊस नाय खात, मीठ खातं."

मिस्त्रींचे निदान शास्त्राला धरून आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे मिठाचे कण पत्र्यावर आणून बसवितात, आणि हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांपलीकडे गेली, की ते मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते; म्हणजे पावसाचा थेंब न पडताही पत्रा ओलाच राहतो. उघड्यावरची गाडी पावसात निदान धुतली तरी जाते, परंतु प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली मायेने गुंडाळलेली गाडी, मालक निश्चिंत असता, स्वतःच्याच वाफेत कुजते. घाटावरच्या कोरड्या हवेत हा उपद्रव पुष्कळच मंदावतो.

त्यातून पद्मिनीची घडण. जीपला स्वतंत्र चासी असते, तळ सडला तर बदलता येतो. फियाट 1100 च्या वंशातल्या या गाडीत मात्र पत्र्याची पेटी हाच सांगाडा, आणि दाराखालच्या त्या पोकळ पट्ट्या हेच तिचे वासे. बडा घर पोकळ वासा ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली मी अन्यत्र पाहिली नाही. वरून पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे, माझ्या मते, निव्वळ लबाडी.

मिस्त्री सडका भाग कापून नवा पत्रा जोडतात. परंतु खरी पंचाईत पुढेच आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाची 20,000 रुपये शुल्क भरून 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी वा इंजिनात भरीव फेरफार नसावा. आता खाऱ्या हवेत अर्धशतक काढलेल्या ज्या गाडीचा पत्राच सांगाडा आहे, तिचा पत्रा बदलणे ही दुरुस्ती की फेरफार, याचा निवाडा कोणी करावा? तोच पत्रा न बदलावा, तर ती गाडी रस्त्यावर आणणे जिवाशी खेळ.

हा तंटा मिटेल तेव्हा मिटो. तोवर पद्मिनी बाळगणाऱ्या वसईकरांनी दारांच्या तळाशी असलेली, पाणी निघून जाण्याची भोके काडीने मोकळी करावीत, किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, आणि ती ताडपत्री आजच उतरवावी.