प्रौढ साक्षरता आणि गावचा कारभार

साक्षरता म्हणजे काय, असे कोणाला विचारले तर बहुधा ‘सही करता येणे’ असे उत्तर मिळते. जनगणनेची व्याख्या याहून कडक आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता येते, तीच साक्षर. यातील ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा. नाव गिरवायला शिकलेला, पण कागद न वाचता सही करणारा मनुष्य अंगठा उठवणाऱ्याहून अधिक सुरक्षित नसतो.

वडखळच्या परिसराला हे पटवून देण्यासाठी दूरचे दाखले नकोत. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोती होती. जमीन कसणार कूळ, पण कागद खोताच्या दप्तरात. कबुलायतीत काय लिहिले आहे, बाकी किती निघाली, हे निरक्षर कुळाने दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकायचे. याच जाचाविरुद्ध 1933 ते 1939 या काळात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथील शेतकरी परिषदेस आले. पुढे 1939 व 1948 चे कूळकायदे आले, खोतीही गेली. परंतु कायदा झाला म्हणजे हक्क पदरात पडलाच, असे नाही. सातबाऱ्यावर आपले नाव लागले की नाही, हे पाहावे लागते. नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे लागते. 2008 साली पेण तालुक्यातील 22 गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर लोकांचे मत घेण्यात आले. अशा वेळी आपल्यापुढचा कागद स्वतः वाचता येणे हीच मोठी सोबत.

हे ओळखून काम करणारे आपल्याकडे पूर्वीही होते. जोतीराव फुले यांनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. 1959 च्या सुमारास सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. दिवसा मुलांची शाळा, रात्री त्याच खोलीत प्रौढांचा वर्ग. शिकवणारे गावचेच शिक्षक आणि शिकलेली मुले. काही महिन्यांत गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. शिकणे ही एकट्याची लाज न राहता गावाची प्रतिष्ठा झाली, हे त्या मोहिमेचे खरे बळ.

उणीव मात्र पुढची होती. शिकलेले अक्षर वापरात राहिले नाही तर विसरते. विळा महिनोन्‌महिने आढ्याला टांगून ठेवला तर गंजतो, तशीच गत. म्हणून वर्गामागून वाचनालय हवे, आणि वाचायला आपल्या कामाचे काही हवे: सोसायटीचे पासबुक, रेशनकार्ड, एस. टी. ची पाटी, औषधाच्या बाटलीवरील सूचना. प्रौढाला ‘कमळ’, ‘बदक’ यांपेक्षा ‘भात’, ‘मीठ’, ‘बांध’, ‘मजुरी’ हे शब्द लवकर येतात, कारण अर्थ त्याच्याजवळ आधीच असतो. नवी असते ती फक्त आकृती. वर्गाची वेळही कामाने ठरावी. लावणीत आणि कापणीत खारेपाटातला माणूस रात्री पाटीवर डोके टेकून झोपणारच.

स्त्रियांचा प्रश्न अधिक निकडीचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील पुरुषांची साक्षरता सुमारे 88 टक्के, तर स्त्रियांची सुमारे 76 टक्के होती. म्हणजे चौघींत जवळजवळ एक निरक्षर. बचतगटाचा हिशेब जिला स्वतः वाचता येतो, तिला आपले किती जमले हे कोणाला विचारावे लागत नाही. घरातही तिचा शब्द वजनाने घेतला जातो. वय झाले म्हणून उशीर झाला, असेही नाही. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या स्त्रिया पाटी घेऊन बसल्या.

2022 पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. त्यात वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची चाचणी असते. पण खरी चाचणी तलाठ्याच्या टेबलासमोर आणि ग्रामसभेत होते. ठराव वाचून मगच सही करणारी माणसे गावात वाढली, की कारभार आपोआप उजेडात येतो. ज्याला वाचता येते त्याने आपल्या शेजारच्या एकाला शिकवावे. या कामाला याहून मोठी सामग्री लागत नाही.