मल्लांचे पॉडकास्ट : ऐकावे किती, मानावे किती?

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या मुलांच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा एखादा जोड हमखास सापडत असे. उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे पाढ्यांपेक्षा अधिक पाठ असत. अंडरटेकर हा मरून परत आलेला माणूस आहे आणि केन हा त्याचा आगीत होरपळलेला भाऊ आहे, यावर मधल्या सुटीत वाद होत नसे. ‘खिलाडियों का खिलाडी’ या 1996 च्या हिंदी चित्रपटात अक्षयकुमारने ज्याला उचलले तो खराखुरा अंडरटेकरच, अशीही अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात तो ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता. गंमत म्हणजे 1994 मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच त्याला तोतया अंडरटेकर म्हणून रिंगमध्ये उतरवले होते. केनची भूमिका करणारा ग्लेन जेकब्ज तर अंडरटेकरचा कोणीच लागत नाही. 2018 मध्ये तो टेनेसी राज्यातील नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला.

हा अंडरटेकर, म्हणजे मार्क कॅलवे, आता ‘सिक्स फीट अंडर’ नावाचा पॉडकास्ट चालवतो. नोव्हेंबर 1990 मध्ये तो पहिल्यांदा या रूपात दिसला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. या तीस वर्षांतला बहुतेक काळ त्याने चारचौघांतही आपले सोंग उतरू दिले नाही. आता तोच माणूस टेक्सासच्या हेलात, हसतखिदळत, कोणत्या लढतीत काय दुखावले आणि पडद्यामागे कोण कोणावर चिडले होते, हे सांगतो. जगभरच्या चाहत्यांत यावरून उघड दोन तट आहेत. काहींना ही मेजवानी वाटते. काहींना वाटते, हा एक माणूस तरी गप्प राहायला हवा होता.

हा वाद समजून घ्यायचा तर या धंद्यातील ‘केफेब’ हा शब्द ठाऊक हवा. रिंगमधले वैर, नातीगोती, दुखापती हे सारे खरेच आहे असे रिंगबाहेरही भासवत राहण्याचा अलिखित दंडक म्हणजे केफेब. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जातो. बेळगाव-कोल्हापूरच्या मैदानात तशी शंका जरी आली तरी प्रेक्षक पैलवानांना सुखाने घरी जाऊ देणार नाहीत. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल ठरलेला असणे हाच धंद्याचा पाया आहे. ठरलेला असतो तो निकाल. पडणे खरेच असते. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी तुळया असतात. वर्षानुवर्षे त्यावर पाठ आपटणाऱ्याचे मणके आणि गुडघे नुरा नसतात.

केफेबचा भंग पॉडकास्टने केला, असे म्हणणे बरोबर नाही. तो मालकांनीच केला. 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने आपला खेळ ही स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे सांगून टाकले. राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि तिच्यासोबत येणारा खर्च टाळणे, हा त्यामागचा साधा व्यवहार होता. पुढे निवृत्त मल्लांच्या मोकळ्या मुलाखतींच्या व्हिडिओ कॅसेट हौशी चाहते टपालाने मागवू लागले. पॉडकास्टने त्या कॅसेटची जागा घेतली, तीही फुकट आणि दर आठवड्याला.

याची सुरुवात एखाद्या बड्या ताऱ्याने केली नाही. शिकागोचा कोल्ट कबाना हा लहान लहान सभागृहांत लढणारा मल्ल. त्याने 2010 मध्ये ‘द आर्ट ऑफ रेसलिंग’ सुरू केला. आदल्या रात्री किती मानधन मिळाले, मोटारीत चौघांनी पेट्रोलचा खर्च कसा वाटून घेतला, स्वतःचे टी-शर्ट विकून भाडे कसे भागवले, असे त्याचे विषय असत. 2013 मध्ये स्टीव्ह ऑस्टिन आणि ख्रिस जेरिको हे दोन मोठे तारे या माध्यमात उतरले. 2016 मध्ये ब्रूस प्रिचर्ड यांचा कार्यक्रम आला. प्रिचर्ड कधीकाळी ‘ब्रदर लव्ह’ नावाचे विनोदी पात्र रंगवत. पण त्यांचे खरे महत्त्व हे, की ते अनेक वर्षे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्या आतल्या गोटात होते. त्यांच्यासमोर बसणारे कॉनराड थॉम्पसन हे अलाबामातील गृहकर्जाचे व्यावसायिक आणि कुस्तीचे निस्सीम चाहते. या जोडीच्या यशानंतर थॉम्पसन यांनी एरिक बिशॉफ, जिम रॉस, आर्न अँडरसन, कर्ट अँगल, मिक फोली अशा एकेका जुन्या नावासमोर माइक ठेवला. आज निवृत्त झालेल्या आणि पॉडकास्ट नसलेल्या नामांकित मल्लांची यादी करणेच सोपे ठरेल.

चाहत्यांना यात नेमके काय आवडते? गुपिते, हे वरवरचे उत्तर झाले. चाहत्यांची मते थोडी बारकाईने पाहिली तर त्यांना अधिक ओढ कामाच्या तपशिलाची असल्याचे जाणवते. लढतीच्या मध्यावर दोघे एकमेकांच्या कानात काय पुटपुटतात, पंच कानातल्या यंत्रावरून आलेला वेळेचा निरोप कसा पोहोचवतो, खलनायक प्रेक्षकांना कसा चिडवतो, हे सांगणारे भाग लोक पुन्हा ऐकतात. मे 2019 मध्ये जॉन मॉक्सली हा डब्ल्यूडब्ल्यूई सोडून नव्या एईडब्ल्यू कंपनीत गेला आणि लगेच जेरिकोच्या पॉडकास्टवर बोलला. त्याचा राग पैशांवर नव्हता. लेखकांच्या खोलीतून आलेली, शब्दन् शब्द ठरलेली भाषणे पाठ करून म्हणावी लागतात, यावर होता. रिंगमध्ये उभे राहून प्रतिस्पर्ध्याला आव्हान देण्याच्या या भाषणाला प्रोमो म्हणतात. जुने मल्ल तो दोन-तीन मुद्द्यांवर उत्स्फूर्त करीत. पेडण्याच्या किंवा सावंतवाडीच्या जत्रेत दशावतार पाहिलेल्या माणसाला मॉक्सलीचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ऐनवेळी सुचलेल्या संवादावर उभ्या असलेल्या दशावतारी नटाच्या हातात छापील संहिता दिली, तर तोही असाच गुदमरेल. मॉक्सलीचा तो भाग चाहत्यांना मोलाचा वाटला, कारण पडद्यावर जे निर्जीव दिसत होते त्याचे कारण त्यात कळले.

आता तक्रारींकडे वळू. जाहिराती फार, ही पहिली. गाद्या, दाढीची पाती, पुरुषत्वाच्या गोळ्या यांची स्तुती तोच मल्ल स्वतःच्या आवाजात करतो, तेव्हा ऐकणारा कंटाळतो. दुसरी तक्रार ‘आमच्या काळी असे नव्हते’ या सुराची. आजचे मल्ल उड्याच फार मारतात, हे दर आठवड्याला ऐकून तरुण चाहते वैतागतात. जेरिकोविषयी अनेकांचे म्हणणे असे, की तो मित्रांना अवघड प्रश्न विचारत नाही. ऑस्टिनचे कौतुक होते ते नेमके उलट कारणासाठी. अर्थात सहकाऱ्याला सहकारी म्हणून बोलता येते, पण उलटतपासणी घेता येत नाही, ही मर्यादा साऱ्याच मल्ल-मुलाखतकारांची आहे. प्रिचर्ड-थॉम्पसन जोडी लोकप्रिय होण्याचे इंगित मला यातच दिसते. थॉम्पसन मल्ल नाहीत. ते जुनी कुस्ती-वार्तापत्रे समोर ठेवून त्या तारखेला काय छापून आले होते ते वाचून दाखवतात, आणि प्रिचर्ड चिडून ते खोडून काढतात. त्या चिडण्यातूनही ऐकणाऱ्याला काही सापडते.

मात्र 2019 मध्ये प्रिचर्ड पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या नोकरीत गेले, तरी पॉडकास्ट चालूच राहिला. पगार देणाऱ्या मालकाविषयी माणूस किती मोकळे बोलेल, हा चाहत्यांनी उपस्थित केलेला प्रश्न रास्त होता.

सर्वात गंभीर आक्षेप स्मरणाविषयीचा आहे. ही माणसे आयुष्यभर गोष्ट रंगवून सांगून जगली. मग त्यांच्या तोंडून आलेला इतिहास किती खरा? 9 नोव्हेंबर 1997 चा माँट्रिअलचा प्रसंग याचे नमुनेदार उदाहरण आहे. विजेता ब्रेट हार्ट कंपनी सोडून प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे चालला होता आणि स्वदेशी, कॅनडात, शॉन मायकेल्सकडून हरायला तयार नव्हता. मायकेल्सने हार्टचाच डाव हार्टवर घातला असताना मॅकमॅहन यांनी घंटा वाजवायला लावली. हार्टने शरणागती पत्करलेलीच नव्हती. ही कल्पना मुळात कोणाची, हे कोणाला आधी ठाऊक होते, यावर इतक्या पॉडकास्टवर इतक्या जणांनी वेगवेगळे सांगितले आहे, की फसवणुकीचे श्रेय घेण्यासाठीही रांग लागावी याचे नवल वाटते. या साऱ्यात भक्कम पुरावा म्हणता येईल असा एकच. त्या दिवसांत हार्टवर माहितीपट चित्रित होत होता आणि त्याच्या अंगावरच्या मायक्रोफोनने मॅकमॅहन यांच्याशी झालेले बोलणे टिपले गेले. बाकी सारी आठवण.

आठवण सांगण्याची किंमत किती पडू शकते, हे कबानाच्याच कार्यक्रमाने दाखवले. सीएम पंक हा त्याचा जुना मित्र आणि त्या काळातील डब्ल्यूडब्ल्यूईचा आघाडीचा तारा. जानेवारी 2014 मध्ये ‘रॉयल रंबल’नंतर तो अचानक निघून गेला आणि कित्येक महिने काही बोलला नाही. नोव्हेंबरमध्ये तो कबानाच्या पॉडकास्टवर आला आणि सुमारे दोन तास बोलला. पाठीवरच्या गाठीत जंतुसंसर्ग झाला असताना कंपनीच्या डॉक्टरांनी दुर्लक्ष केले, डोक्याला मार लागूनही काम करावे लागले आणि बडतर्फीची कागदपत्रे नेमकी लग्नाच्या दिवशी हाती पडली, असे त्याचे आरोप होते. काही दिवसांतच, 1 डिसेंबरला, मॅकमॅहन स्वतः ऑस्टिनच्या पॉडकास्टच्या थेट प्रक्षेपणात बसले आणि लग्नाच्या दिवशी कागद पोहोचले हा योगायोग असल्याचे सांगून त्यांनी माफी मागितली. एका पॉडकास्टमधील आरोपाला मालक दुसऱ्या पॉडकास्टमधून उत्तर देतो, हे त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी माफीवर भागवले नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांनी पंक आणि कबाना या दोघांवर बदनामीचा दावा लावला. बोलणारा पंक होता. पण ते प्रसारित करणारा कबाना असल्याने तोही प्रतिवादी झाला. जून 2018 मध्ये शिकागोतील ज्यूरीने दोघांच्या बाजूने निकाल दिला. या निकालाचा अर्थ अनेक चाहते ‘पंक म्हणाला ते सारे सिद्ध झाले’ असा लावतात. तो तसा नाही. बदनामीचा दावा सिद्ध झाला नाही, एवढेच त्यातून निघते; उपचार चुकीचे होते असा निवाडा त्या ज्यूरीने दिलेला नाही. हा फरक बातमीत चार शब्दांत मांडता येत नाही, म्हणून तो बहुधा गाळलाच जातो.

खटला जिंकल्यावर दोन महिन्यांतच कबानाने पंकवर दावा लावला. वकिलांचा खर्च उचलण्याचे वचन पंकने मोडले, असे त्याचे म्हणणे होते. पंकने उलट दावा केला. सप्टेंबर 2019 मध्ये दोन्ही दावे मिटले. मैत्री मिटून गेली ती गेलीच. तीन वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, पंकने एईडब्ल्यूच्या पत्रकार परिषदेत कबानाचा विषय काढून सहकाऱ्यांवर आगपाखड केली आणि त्यानंतर पडद्यामागे खरीखुरी हाणामारी झाली. दोन मित्रांनी घरी बसून केलेल्या गप्पांचे पडसाद आठ वर्षांनीही असे उमटत होते.

या प्रकरणावर चाहत्यांचे आजही एकमत नाही. पंकने मित्राला अडचणीत टाकले असे मानणारे आहेत, आणि त्याने बोलून पुढच्या पिढीचे भले केले असे मानणारेही. मला दुसऱ्या बाजूतील एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. डब्ल्यूडब्ल्यूई आपल्या मल्लांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानते. त्यांची कामगार संघटना नाही. कोणत्याही कारखान्यातला फिटर आपले गाऱ्हाणे युनियनकडे नेईल. मल्लाला ते माइकसमोरच न्यावे लागते. इतिहास म्हणून हे पॉडकास्ट कच्चे आहेत, तारखा चुकतात, मीपणा डोकावतो. पण पाठदुखी, झोपेच्या गोळ्या, वर्षातील किती रात्री घराबाहेर गेल्या, याविषयी वेगवेगळ्या कंपन्यांतील, एकमेकांचे तोंडही न पाहणारे मल्ल जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती कामगाराची साक्ष म्हणून ऐकली पाहिजे. जाणते चाहते तशीच ऐकतात. कोण कोणाला काय म्हणाला हे ते मिठाच्या चिमटीसह घेतात आणि शरीराविषयीचे बोलणे आले की गंभीर होतात.

आपल्याकडच्या चाहत्यापर्यंत मात्र पूर्ण पॉडकास्ट क्वचितच पोहोचतो. एप्रिल 2025 पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर दिसू लागले. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील हेलातील दोन-दोन तासांच्या गप्पा ऐकणारे थोडे. बाकीच्यांना मिळते ती मिनिटभराची चित्रफीत आणि ‘धक्कादायक खुलासा’ असा मथळा. बातमीच्या टेबलावर काम करणाऱ्याला हे मथळे कसे शिजतात ते ठाऊक असते. ‘मला आठवते त्याप्रमाणे’ हे मूळ वाक्यातील शब्द सर्वात आधी कापले जातात.

सीएम पंकला सप्टेंबर 2023 मध्ये एईडब्ल्यूने काढून टाकले. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला, शिकागोला लागून असलेल्या रोझमाँटच्या सभागृहात ‘सर्व्हायव्हर सिरीज’ संपता संपता त्याचे गाणे वाजले. ज्या कंपनीवर त्याने ते सारे आरोप केले होते, तिच्याच रिंगकडे तो चालत आला, आणि प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतले.